नागपूर ते लंडन किती किलोमीटर, किती तास? गावाच्या दारापासून हिशेब लावण्याची पद्धत

नागपूर ते लंडन हवाई अंतर साधारण 7,475 किलोमीटर. मोबाइलवर हा आकडा लगेच सापडतो. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून लंडनमार्गे लेस्टरला शिकायला निघालेल्या पोराला आणि त्याच्या घरच्यांना त्याचा फारसा उपयोग होत नाही. नागपूरहून लंडनला थेट विमान नाही, मध्ये उतरावं लागतं. विमान पहाटेचं असलं तर घरून आदल्या दिवशी निघावं लागतं. वर घड्याळ बदलतं ते वेगळंच.

मुळात अंतर, उड्डाणाचा वेळ आणि प्रवासाचा वेळ हे तीन वेगळे आकडे आहेत. त्यांची सरमिसळ झाली की मधलं विमान चुकतं, घ्यायला येणारा नातेवाईक भलत्याच तासाला पोहोचतो आणि कधी कधी तर तारीखच हुकते. म्हणून तिन्ही आकडे वेगवेगळे काढायचे आणि मग एका कागदावर जोडायचे. कागद, पेन आणि मोबाइलमधला सायंटिफिक कॅल्क्युलेटर एवढं पुरतं.

आधी विमानतळ नक्की करा, शहर नाही

"लंडन" हा विमानतळ नव्हे. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्युटन, सिटी असे अनेक विमानतळ आहेत. न्यूयॉर्कला जाणाऱ्याचं तिकीट केनेडीचं असू शकतं किंवा शेजारच्या नुवार्कचं. मुंबईतही आता दोन आहेत, सांताक्रूझ-सहारचा जुना आणि डिसेंबर 2025 मध्ये प्रवासी वाहतूक सुरू झालेला नवी मुंबईचा. दोन विमानतळांमध्ये हवेतलं अंतर किरकोळ असलं तरी रस्त्यानं दीड-दोन तास सहज जातात.

म्हणून तिकिटावरचा तीन अक्षरी कोड वाचायची सवय लावा. नागपूर एनएजी, मुंबईचा जुना विमानतळ बीओएम, नवी मुंबई एनएमआय, दिल्ली डीईएल, दोहा डीओएच, शारजा एसएचजे, हीथ्रो एलएचआर, केनेडी जेएफके. येण्याच्या विमानाचा आणि पुढच्या विमानाचा कोड एकच आहे ना, हे तिकीट काढण्याआधी बघा.

अंतर स्वतः काढायचं कसं

नकाशाच्या ॲपमध्ये अंतर मोजायची सोय असते आणि ती ठीक काम करते. तरी एकदा हातानं गणित करून बघा, म्हणजे कुठलाही आकडा समोर आला तर तो पटण्यासारखा आहे का हे कळतं.

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. नागपूर (सोनेगाव): 21.09 उत्तर, 79.05 पूर्व. हीथ्रो: 51.47 उत्तर, 0.46 पश्चिम. पूर्व रेखांश अधिक, पश्चिम रेखांश उणे. म्हणून रेखांशातला फरक 79.05 वजा उणे 0.46, म्हणजे 79.51 अंश.

सूत्र असं आहे: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा आणि रेखांश-फरकाच्या कोसाइनचा गुणाकार. येणाऱ्या उत्तराचा उलट कोसाइन घेतला की अंश मिळतात.

साइन 21.09 × साइन 51.47 = 0.2815
कोस 21.09 × कोस 51.47 × कोस 79.51 = 0.1058
बेरीज = 0.3873
उलट कोसाइन = 67.21 अंश
67.21 × 111.195 = सुमारे 7,474 किलोमीटर

111.195 हा आकडा पृथ्वीची सरासरी त्रिज्या 6,371 किमी धरून एका अंशाला येणारं अंतर आहे. पृथ्वी ध्रुवांकडे जराशी चपटी असल्यामुळे या उत्तरात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याची चूक राहते. प्रवासाच्या हिशेबाला ती चालते. वैमानिकी भाषेत हेच अंतर नॉटिकल मैलात सांगतात. एका अंशाला 60 नॉटिकल मैल, एक नॉटिकल मैल 1.852 किमी. परदेशी संकेतस्थळावर नुसतं "मैल" दिसलं तर तो 1.609 किमीचा साधा मैल आहे की नॉटिकल, हे तपासल्याशिवाय आकडा उतरवू नका.

गणित दोनच ठिकाणी चुकतं. कॅल्क्युलेटर अंशाऐवजी रेडियनवर असला तर उत्तर साफ चुकीचं येतं, म्हणून आधी साइन 30 करून बघा. 0.5 आलं तर ठीक. दुसरी चूक पश्चिम रेखांशाचं उणे चिन्ह विसरण्याची. लंडनच्या बाबतीत ती खपून जाते, कारण लंडन शून्य रेखांशाला चिकटूनच आहे. न्यूयॉर्कच्या बाबतीत (40.64 उत्तर, 73.78 पश्चिम) मात्र फरक 152.83 अंशांऐवजी 5.27 येतो आणि नागपूर ते न्यूयॉर्क फक्त 2,230 किलोमीटर निघतं. खरं अंतर सुमारे 12,600 किलोमीटर आहे.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून मात्र अंतर कधीच मोजू नका. त्या नकाशात नागपूरहून न्यूयॉर्कला सरळ पश्चिमेकडे, अरबस्तान आणि अटलांटिक ओलांडून जायचं असं दिसतं. गोलावरची सगळ्यांत जवळची वाट तशी नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत पृथ्वीगोल असेल तर त्यावर दोरा ताणून बघा. दोरा नागपूरहून जवळजवळ उत्तरेकडे निघतो, जरासाच डावीकडे झुकतो, 69 अंश उत्तरेपर्यंत म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही वर चढतो आणि मग खाली न्यूयॉर्ककडे उतरतो. अमेरिकेला जाणाऱ्या प्रवाशाला खिडकीतून खाली बर्फ का दिसतो, याचं कारण हेच.

मधल्या थांब्यासह खरं अंतर

थेट विमान नसल्यामुळे प्रत्येक टप्प्याचं अंतर वेगळं काढून बेरीज करावी लागते. वरच्याच सूत्रानं नागपूर–लंडनचे तीन नेहमीचे मार्ग असे येतात:

दिल्लीमार्गे 854 + 6,731 = 7,585 किमी
मुंबईमार्गे 683 + 7,213 = 7,896 किमी
दोहामार्गे 2,838 + 5,241 = 8,079 किमी

आकड्यांवरून दिल्ली सगळ्यांत जवळची आणि दोहा सगळ्यांत लांबची वाटते. तेवढ्यावर तिकीट काढू नका. विमान या रेषेवरून तंतोतंत उडत नाही. ठरलेल्या हवाई मार्गांवरून, वादळं टाळत, उतरण्याच्या धावपट्टीच्या दिशेनं वळसा घेत जातं, त्यामुळे नेहमीच्या परिस्थितीतही तीन ते आठ टक्के वाढ धरावी. त्याहून मोठा फरक पडतो तो हवाई हद्द बंद असल्यावर. पाकिस्ताननं 24 एप्रिल 2025 पासून भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली आणि ही बंदी पुढे पुन्हा पुन्हा वाढवत नेली. अशा वेळी दिल्लीहून युरोपला निघालेल्या भारतीय कंपनीच्या विमानाला आधी दक्षिणेकडे अरबी समुद्रावर यावं लागतं. मग दिल्लीमार्गे वाचलेले किलोमीटर कागदावरच राहतात. परदेशी कंपनीच्या विमानाला ती बंदी लागू नसते, त्यामुळे त्याच दोन विमानतळांमधली दोन कंपन्यांची वेळ तासाभरानं वेगळी दिसू शकते. रशियाची हद्द 2022 पासून युरोप आणि अमेरिकेच्या कंपन्यांना बंद आहे, त्याचाही असाच परिणाम लांबच्या उड्डाणांवर होतो. आखातातली हद्दही अचानक बंद होऊ शकते. 23 जून 2025 ला कतारनं काही तासांसाठी ती बंद केली, तेव्हा दोहाकडे निघालेली विमानं मध्येच दुसरीकडे वळवावी लागली होती.

अंतरावरून उड्डाणाचा वेळ

मुंबई, दिल्ली किंवा दोहापर्यंत बहुधा एअरबस ए320 किंवा बोइंग 737 यांसारखं एका मार्गिकेचं विमान असतं. ते वर स्थिर झाल्यावर ताशी 830 किमीच्या आसपास जातं. पुढच्या लांबच्या टप्प्याला बोइंग 787, 777 किंवा एअरबस ए350 असतं, त्याचा वेग ताशी 900 किमी. अमरावतीहून (बेलोरा) 16 एप्रिल 2025 ला मुंबईची सेवा सुरू झाली ती पंख्याच्या एटीआर 72 विमानाची. त्याचा वेग ताशी 500 च्या आसपास.

हिशेब असा: अंतरात पाच टक्के मिळवा, वेगानं भागा आणि वर 40 मिनिटं घाला. ती 40 मिनिटं गेटपासून धावपट्टीपर्यंत सरकण्यात, चढण्यात, उतरण्याच्या रांगेत आणि पुन्हा गेटपर्यंत येण्यात जातात. तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते, म्हणून ती धरावीच लागतात.

नागपूर–दोहा: 2,838 चे पाच टक्के वाढवून 2,980. भागिले 830 म्हणजे 3.59 तास. इथे घोटाळा होतो. 3.59 म्हणजे 3 तास 59 मिनिटं नव्हे. दशांशानंतरच्या भागाला 60 नं गुणा, 0.59 × 60 = 35. म्हणजे 3 तास 35 मिनिटं, अधिक 40, एकूण सव्वाचार तास.

अमरावती–मुंबई अंतर सुमारे 542 किमी, नागपूर–मुंबई 683. अंतर कमी, तरी एटीआरला अमरावतीहून पावणेदोन तास लागतात आणि जेटला नागपूरहून साधारण दीड. अंतर कमी तर वेळ कमी, हा समज इथेच मोडतो.

यात वारा अजून धरलेला नाही. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरकस वारे असतात. हिवाळ्यात उत्तर भारतावर आणि अटलांटिकवर त्यांचा जोर सर्वांत जास्त. पश्चिमेकडे जाताना हा वारा अंगावर येतो, परतताना पाठीशी असतो. दोहा–लंडनचं 5,241 किमी अंतर पाच टक्के वाढवून 5,503 होतं. सरासरी ताशी 60 किमीचा उलटा वारा धरला तर जमिनीवरचा वेग 840 राहतो आणि 40 मिनिटांसह 7 तास 13 मिनिटं लागतात. परतताना तोच वारा मागून लागला तर वेग 960 होतो आणि वेळ 6 तास 24 मिनिटांवर येते. तेच दोन विमानतळ, तेच विमान, फरक पाऊण तासाहून जास्त. नागपूर–दोहाच्या सव्वाचार तासांतही याच कारणानं पंधरा मिनिटं वाढवून साडेचार धरा.

तुमचा आकडा आणि वेळापत्रकाचा आकडा वीस-पंचवीस मिनिटांच्या फरकानं जुळला तर हिशेब बरोबर. त्याहून मोठा फरक आला तर एकतर वळसा आहे किंवा मध्ये कुठे तांत्रिक थांबा आहे. "थेट" लिहिलेलं विमानही मध्ये उतरून पुढे जाऊ शकतं. तिकिटावर "नॉनस्टॉप" किंवा "शून्य थांबे" असं लिहिलंय का, ते पाहा. आणखी एक खात्रीचा मार्ग म्हणजे फ्लाइटरडार24 वर विमानाचा क्रमांक टाकून गेल्या सात दिवसांत ते खरोखर किती वाजता सुटलं आणि पोहोचलं, हे बघणं. सातांपैकी चार दिवस तासभर उशिरा असेल तर तासाभराच्या जोडणीवर विसंबू नका.

तिकिटावरच्या वेळा: सगळं एका घड्याळावर आणा

तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. नागपूरहून सुटण्याची वेळ भारताची, दोह्याची वेळ दोह्याची. त्या सरळ वजा केल्या तर भलतंच उत्तर येतं. उपाय एकच, सगळ्या वेळा यूटीसी या जागतिक वेळेवर आणा. भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. दोहा आणि सौदी तीन तास पुढे, दुबई-शारजा-मस्कत चार, सिंगापूर आठ. लंडन हिवाळ्यात यूटीसीवरच असतं, उन्हाळ्यात एक तास पुढे. जर्मनी हिवाळ्यात एक, उन्हाळ्यात दोन तास पुढे. न्यूयॉर्क आणि टोरांटो हिवाळ्यात पाच तास मागे, उन्हाळ्यात चार. सॅन फ्रान्सिस्को आठ, उन्हाळ्यात सात तास मागे.

घड्याळं बदलण्याच्या तारखाही सगळीकडे सारख्या नाहीत. युरोप आणि ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे करतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. अमेरिका-कॅनडात मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्कमधला नेहमीचा पाच तासांचा फरक चारच उरतो. भारतात घड्याळ बदलत नाही म्हणून आपल्याकडे हे लक्षात राहत नाही. परदेशातला मुलगा "संध्याकाळी सातला फोन करीन" म्हणतो आणि तासभर मागेपुढे होतं, ते यामुळेच.

आता एक नमुना. वेळा समजुतीसाठी घेतल्या आहेत, चालू वेळापत्रक वेगळं असेल. जानेवारीत नागपूरहून 15 तारखेला पहाटे 4:00 ला सुटायचं, दोह्याला सकाळी 6:00 ला पोहोचायचं. दोह्याहून 8:00 ला सुटून हीथ्रोला दुपारी 12:15.

नागपूर 4:00 म्हणजे यूटीसी 14 तारखेचे रात्री 10:30
दोहा आगमन 6:00 म्हणजे यूटीसी पहाटे 3:00. उड्डाण साडेचार तास
दोहा प्रस्थान 8:00 म्हणजे यूटीसी 5:00. थांबा दोन तास
लंडन 12:15 म्हणजे यूटीसी 12:15. उड्डाण सव्वासात तास

रात्री 10:30 पासून दुपारी 12:15 पर्यंत पावणेचौदा तास. घड्याळ पाहिलं तर पहाटे चार ते सव्वाबारा असे सव्वाआठच तास दिसतात, कारण वाटेत साडेपाच तास मागे पडले. पडताळा सोपा आहे: पश्चिमेकडे जाताना घड्याळातल्या फरकात दोन देशांतला फरक मिळवायचा, पूर्वेकडे येताना वजा करायचा. सव्वाआठ अधिक साडेपाच, पावणेचौदा.

रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी घेणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी हा कागद फार कामाचा आहे. गोळीचं अंतर भिंतीवरच्या घड्याळानं नाही, गेलेल्या तासांनी मोजायचं असतं. कागद डॉक्टरांना दाखवून वाटेत कुठली गोळी कधी घ्यायची ते लिहून घ्या. इन्सुलिन असेल तर हे टाळूच नका, आणि ते सामानात न टाकता हातातल्या पिशवीत चिठ्ठीसह ठेवा.

रात्री बारानंतरच्या विमानात सगळ्यांत महागडी चूक होते ती तारखेची. तिकिटावर "15 जानेवारी, 00:30" असेल तर विमानतळावर 14 जानेवारीच्या रात्री हजर राहायचं. "पंधराला जायचंय" असं घरात बोललं जातं, मग गाडीवालाही पंधराच्या संध्याकाळी येतो. गाडी ठरवताना विमानाची तारीख सांगूच नका, घरून निघायचा वार, तारीख आणि वेळ सांगा. तिकिटावर आगमनाच्या वेळेशेजारी "+1" असेल तर ते दुसऱ्या दिवशीचं आगमन आहे, हेही घ्यायला येणाऱ्याला कळवा.

मधला थांबा किती असावा

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर असतील तर पहिलं उशिरा पोहोचल्यामुळे दुसरं चुकलं तरी पुढच्या विमानाची सोय कंपनीला करावी लागते. सामानही बहुधा थेट शेवटच्या ठिकाणी जातं. तरी पहिल्यांदा जाणाऱ्यानं दोन तासांपेक्षा कमी थांबा घेऊ नये, कारण दोह्यासारख्या ठिकाणी पुन्हा सुरक्षा तपासणी होऊ शकते आणि गेट लांब असतात.

दोन वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण त्यांत जोखीम तुमची. नागपूर–मुंबई एक आणि मुंबई–लंडन दुसरं असेल तर मुंबईत सामान उचला, आंतरराष्ट्रीय काउंटरला जा, पुन्हा द्या, मग इमिग्रेशन. नागपूरचं विमान टर्मिनल 1 ला उतरलं तर टर्मिनल 2 पर्यंत रस्त्यानं जायचं. अशा वेळी किमान पाच-सहा तास ठेवा. आणि पहिलं नवी मुंबईला, दुसरं जुन्या विमानतळावरून असं तिकीट तर काढूच नका.

आता मार्गांची तुलना पुन्हा करा. दोहामार्गे 8,079 किमी, पावणेचौदा तास. मुंबईमार्गे 7,896 किमी, पण दीड तास, चार तासांचा थांबा आणि मुंबई–लंडनचे पावणेदहा तास धरून सव्वापंधरा. शिवाय दोहामार्गे जाताना इमिग्रेशन नागपूरला होतं, जिथे गर्दी कमी असते. ज्याला घरच्यांनी सोनेगावपर्यंत सोडायचं आहे, त्याच्यासाठी तो मार्ग बरा.

गावापासून सोनेगावपर्यंत: उलटं मोजा

सुटण्याच्या वेळेपासून मागे मागे यायचं. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी, देशांतर्गतसाठी दोन तास आधी विमानतळावर. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, काही कंपन्यांचं सव्वा तास आधी. नेमकी वेळ तिकिटावर छापलेली असते. वेब चेक-इन केलं तरी मोठी बॅग काउंटरलाच द्यावी लागते, त्यामुळे ही वेळ चुकवता येत नाही.

दारव्ह्याहून नागपूर यवतमाळमार्गे सुमारे 190 किमी. जेवणाच्या थांब्यासह चार तास धरा. पंक्चर, रेल्वे फाटक, रस्त्याचं काम यासाठी एक तास, नागपूर शहरात एक तास. पहाटे 4:00 चं विमान, 1:00 ला विमानतळ, 12:00 ला नागपूरच्या वेशीवर, म्हणजे 14 तारखेला संध्याकाळी 7:00 ला घर सोडायचं. घर ते उड्डाण नऊ तास, विमानं आणि थांबा पावणेचौदा, हीथ्रोला इमिग्रेशन आणि सामानासाठी दीड तास, पुढे कोचची (लांब पल्ल्याच्या बसची) वाट पाहणं आणि लेस्टरचा प्रवास सव्वातीन ते पावणेचार तास. एकूण अठ्ठावीस तासांच्या घरात, आणि त्यांपैकी हवेत पावणेबारा. वेळ वाचवायचा किंवा गमवायचा तो जमिनीवरच.

यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर ही सगळी नागपूरपासून दीडशे किमीच्या आसपास आहेत, वर्धा पाऊणशे, भंडारा साठ. कारंजा, शेलूबाजार, मेहकर भागातल्यांना समृद्धी महामार्ग सोयीचा आहे. तो नागपूरच्या बाजूला शिवमडक्याला संपतो, तिथून विमानतळ फार लांब नाही. पण रात्री एकसुरी रस्त्यावर चालकाला डुलकी लागते, म्हणून दिवसभर शेतात किंवा दुकानात राबलेल्या माणसाला चालवायला बसवू नका. एसटीनं येणार असाल तर रात्री गणेशपेठ बसस्थानकावर उतरून टॅक्सी करावी लागेल. मेट्रो वर्धा रोडच्या एअरपोर्ट स्थानकापर्यंत येते, पण ती टर्मिनलच्या दारात नाही आणि रात्री उशिरा-पहाटे चालत नाही.

सिरोंच्याच्या लोकांना नागपूरपेक्षा हैदराबादचा विमानतळ जवळ पडतो, आणि तिथून परदेशी विमानंही जास्त आहेत. बुलढाणा आणि अकोल्याकडच्यांनी मुंबईहून जायचं असेल तर विदर्भ एक्सप्रेसनं रात्रीतून मुंबई गाठून पोहोचलेल्या दिवशी रात्रीचं विमान घेणं हाही चांगला पर्याय आहे. मात्र गाडी सकाळी आणि विमान दुपारी असं जवळजवळ ठेवू नका.

पावसाळ्यात हे सगळे तास पुरत नाहीत. भामरागडला पर्लकोटा नदी चढली की रस्ताच बंद होतो. त्या भागातून जुलै ते सप्टेंबरमध्ये निघायचं असेल तर दोन दिवस आधी गडचिरोलीला किंवा नागपूरला येऊन राहा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास दीक्षाभूमीमुळे नागपुरात लाखो लोक असतात. गाड्या, लॉज भरतात आणि रस्ते वळवलेले असतात. डिसेंबरात विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या काळात मोर्च्यांमुळे सीताबर्डीकडून जाणारे रस्ते अडतात आणि मुंबईची विमानं भरलेली असतात. त्याच सुमारास दिल्लीला दाट धुकं असतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीत सकाळी दिल्लीत विमान बदलायचं तिकीट शक्यतो टाळा.

परतीचा कागद वेगळा करा

येताना जाण्याचाच कागद उलटा वाचून चालत नाही. वारा पाठीशी असल्यामुळे उड्डाण लवकर आटोपतं, पण घड्याळ साडेपाच तास पुढे सरकतं. लंडनहून हिवाळ्यात दुपारी 3:00 ला निघालेलं विमान साडेसहा तासांनी दोह्याला पोहोचतं तेव्हा तिथे रात्रीचे 12:30 वाजलेले असतात आणि तारीख बदललेली असते. तिथून पुढचं विमान नागपूरला सकाळी येतं, म्हणजे गावाकडून घ्यायला येणाऱ्याला मध्यरात्रीनंतर निघावं लागेल.

मुंबई किंवा दिल्लीमार्गे येत असाल तर भारतात जिथे पहिल्यांदा उतराल तिथेच साधारणपणे सामान उचलून कस्टम्समधून जावं लागतं आणि मग नागपूरच्या विमानाला पुन्हा द्यावं लागतं. म्हणून येताना मधला थांबा जाण्यापेक्षा मोठा ठेवा, किमान चार तास. अमेरिकेला जातानाही असंच, तिथल्या पहिल्या विमानतळावर सामान हाती घ्यावं लागतं. उतरल्यावर लगेच घरी फोन करून "आलो" सांगितलं तरी बाहेर यायला तास-दीड तास जातो, तेव्हा गाडीवाल्याला पार्किंगमध्ये बोलावण्याआधी बॅग पट्ट्यावर आली का ते बघा.

निघण्याच्या आदल्या दिवशी आणि पुन्हा घर सोडण्याआधी तासभर, विमानाच्या क्रमांकावरून वेळ तपासा. वेळ पुढे गेली असली तरी काउंटर जुन्या वेळेनंच बंद होऊ शकतं, म्हणून कंपनीचा संदेश लेखी आल्याशिवाय घरून उशिरा निघू नका. यूटीसीचा कागद दोन प्रतींत करा, एक प्रवाशाच्या पासपोर्टसोबत आणि एक घरी फोनजवळ, त्यावर प्रत्येक टप्प्याचा विमान क्रमांक, विमानतळाचा कोड आणि शेजारी भारताची वेळ लिहून.